भिंती वाचवायच्या की खुर्च्या?

लंडनच्या पश्चिमेला साउथॉल नावाचं उपनगर आहे. तिथल्या साउथ रोडवर मिठाईच्या, दागिन्यांच्या आणि पंजाबी सुटांच्या दुकानांच्या रांगेत मध्येच चिनी मंदिरासारखा दर्शनी भाग उभा राहतो. रंगीत चकचकीत फरश्या, वर पॅगोडाची छपरं, छपरांवर ड्रॅगन. हे १९२९ साली उघडलेलं सिनेमा थिएटर. आता आत बाजार भरतो. ब्रिटनच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आहे.

या इमारतीवरून रंगलेला पुढचा वाद कल्पित आहे. मामा ठाण्याकडच्या एका एकपडदा थिएटरचे निवृत्त मॅनेजर, भाची लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करणारी. माणसं कल्पित असली तरी इमारती आणि कायदे खरे आहेत.

मामा: बाहेरून झकास आहे, मान्य. पण आत काय? गाळे! पडदा कोणत्या बाजूला होता, हे तिथल्या गाळेवाल्याला तरी सांगता येईल का? थिएटर म्हणून जिचं कौतुक करताय तिच्यात थिएटरच उरलेलं नाही. मग तुम्ही राखलंत काय?

भाची: मामा, संरक्षण इमारतीला मिळालंय, धंद्याला नाही. आत काय चालावं हे ती यादी ठरवत नाही. इमारतीचं रूप बिघडेल असं काही परवानगीशिवाय करायचं नाही, एवढंच ती सांगते. आणि या इमारतीनं किती धंदे पाहिलेत ते तरी बघ. उघडली तेव्हा नाव पॅलेस. पुढे कंपन्या बदलल्या तशी गोमाँ, ओडियन अशी नावं लागली. १९६१ ला बंद. १९७२ ला लिबर्टी नावानं उघडली आणि हिंदी सिनेमे लागायला लागले. १९८२ ला पुन्हा बंद, आत बाजार. २००१ ला पुन्हा सिनेमा, तोही तीन पडद्यांचा, नाव हिमालया पॅलेस. २०१० ला तोही थांबला आणि गाळे परत आले.

मामा: म्हणजे सिनेमा दोनदा मेला.

भाची: तीनदा मेला आणि दोनदा परत आला. परत येऊ शकला, कारण यायला जागा शिल्लक होती. भिंती पाडल्या असत्या तर १९८२ लाच विषय संपला असता.

मामा: बरं, पण मुळात ही चिनी हौस कशाला? चीनचा आणि साउथॉलचा संबंध काय?

भाची: काहीच नाही, आणि तोच हेतू होता. आजूबाजूला एकसारख्या विटांच्या घरांच्या रांगा, जवळ कारखाने, रेल्वे. दिवसभर तिथे राबणाऱ्याला दाराशीच कळायला हवं की आपण आता दुसरीकडे चाललोय. जॉर्ज कोल्स हा थिएटरं बांधणारा नावाजलेला आर्किटेक्ट. त्यानं इथे चीन केला, दुसऱ्याच वर्षी आयलिंग्टनच्या कार्लटनला इजिप्तच्या देवळाचा चेहरा दिला. १९३७ ला किलबर्नला स्टेट बांधलं, तिथे तर चार हजार माणसं बसायची.

मामा: चार हजार! आमच्याकडे हजार सीट भरल्या की मालक पेढे वाटायचे. पण एवढ्या खुर्च्या भरायच्या कशा?

भाची: भरायच्या. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षाला एकशे त्रेसष्ट कोटींच्या वर तिकिटं विकली गेली. मग घरोघरी टीव्ही आला. १९८४ मध्ये हा आकडा साडेपाच कोटींच्याही खाली होता.

मामा: तीस तिकिटांतलं एक उरलं. म्हणजे थिएटरं पडणारच होती. आकडा एवढा घसरल्यावर भिंतींना कवटाळून काय मिळतं?

भाची: सगळी पडली नाहीत. आणि जी वाचली ती का वाचली हे तू धंद्याच्या नजरेनंच बघ. थिएटरची इमारत दुसऱ्या कामाला लावणं महाकठीण. खिडक्या नाहीत, जमीन पडद्याकडे उतरती, मध्ये खांब नाही, छत उंच म्हणून गरम ठेवायला पैसा फार. ऑफिस होत नाही, घरं होत नाहीत. १९६० च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये व्यापारी बिंगोला वाट मोकळी झाली आणि रिकामी थिएटरं भराभर बिंगोकडे गेली. लंडनच्या दक्षिणेला टूटिंगचं ग्रॅनडा बघ. १९३१ साली उघडलं. आतली सजावट कोमिसारजेव्स्की या रशियन नाट्यदिग्दर्शकाची, गॉथिक कमानी, आरशांची दालनं, एखाद्या कॅथेड्रलसारखी. १९७३ ला सिनेमा बंद, १९७६ पासून बिंगो. २००० साली त्याला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. मोठ्या कॅथेड्रलना मिळतं ते. सांग, ते कुणी टिकवलं? सिनेमानं की बिंगोनं?

मामा: थांब, हे उदाहरण माझ्या बाजूनं आहे. बिंगोत काय असतं? शेकडो माणसं एका हॉलमध्ये बसतात आणि समोरचा आकडे पुकारतो. खुर्च्या लागतात, बाल्कनी चालते, सगळ्यांचं तोंड एकीकडे. हे तर सिनेमाचंच भावंड झालं. वापर जुळता होता म्हणून आतला थाट टिकला. साउथॉलच्या बाजाराला खुर्च्या नकोत, उतार नको, उंची नको. म्हणून दर्शनी भाग राहिला आणि पोट गेलं. टिकवणारी गोष्ट तुझी यादी नव्हे, वापर.

भाची: हे अर्धं मानते. जुळता वापर मिळाला तर इमारत जास्त टिकते. किलबर्नच्या स्टेटमध्येही तसंच झालं. कित्येक वर्षं बिंगो, २००७ ला तो थांबला आणि एका चर्चनं ती घेतली. प्रार्थनेला जमणारे लोकही एकाच दिशेला तोंड करून बसतात.

मामा: मग पुढचं ऐक, माझं पूर्ण मानशील. साउथॉलमध्येच दुसरं थिएटर होतं की नाही, डोमिनियन?

भाची: होतं. १९३५ चं. १९६० च्या दशकात इंडियन वर्कर्स असोसिएशननं ते हातात घेतलं. रबराच्या कारखान्यात, विमानतळावर कामाला आलेल्या लोकांची ती संघटना. हिंदी सिनेमे लावायचे, गल्ल्यातून लोकांची कामं करायची. सभा तिथे, तक्रारी तिथे. १९७९ ला साउथॉलमधल्या वंशवादविरोधी निदर्शनांत ब्लेअर पीच या न्यूझीलंडच्या शिक्षकाला पोलिसांचा मार बसला आणि त्यात तो गेला. दफनाआधी त्याचा देह डोमिनियनमध्येच ठेवला होता आणि हजारो लोक रांगेनं दर्शन घेऊन गेले.

मामा: आणि आता ती इमारत?

भाची: पाडली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्या जागी डोमिनियन सेंटर झालं. ग्रंथालय, सभागृह, लोकोपयोगी कामं.

मामा: हेच! एकाच उपनगरात दोन थिएटरं. लिबर्टीच्या भिंती राहिल्या, आत गाळे. डोमिनियनच्या भिंती गेल्या, पण लोकांनी एकत्र यायची जागा राहिली. यातलं थिएटर कुठलं उरलं? माझं उत्तर डोमिनियन. तिथे सिनेमा हे निमित्त होतं, माणसं जमणं हा खरा धंदा होता.

भाची: पण मामा, त्या सेंटरमध्ये शिरणाऱ्या पोराला तिथे काय घडलं हे सांगणार कोण? रांगेतली माणसं ज्या पायऱ्या चढून आत गेली त्या पायऱ्याच नाहीत. आणि पुढची गोष्ट त्याहून मोठी आहे. डोमिनियन आता थिएटर होऊच शकत नाही. लिबर्टी होऊ शकते. २००१ ला ती झालीही.

मामा: आणि नऊ वर्षांत आटपली.

भाची: आटपली, कारण तोवर जवळपासच्या मल्टिप्लेक्समध्ये हिंदी सिनेमे लागायला लागले होते. १९८२ ला लिबर्टीला व्हिडिओ कॅसेटनं मारलं. घरात कॅसेट लावून सगळं कुटुंब बघणार, मग तिकीट कोण काढणार? दोन्ही वेळा दोष बाजाराचा होता, इमारतीचा नव्हता.

मामा: तू बाजाराला दोष देऊन मोकळी होतेस. माझी निम्मी नोकरी त्या बाजाराशी भांडण्यात गेली. जीएसटी यायच्या आधी मुंबईत करमणूक कर पंचेचाळीस टक्के होता. उरलेल्यात वितरकाचा वाटा, वीज, डोअरकीपर, ऑपरेटर, झाडूवाल्याचा पगार. मल्टिप्लेक्सला सुरुवातीची काही वर्षं करात सवलत मिळाली, आम्हाला नाही. मालक म्हणाला, पाडून दुकानं काढतो. तेव्हा नियम आडवा आला.

भाची: एक तृतीयांशचा?

मामा: तोच. थिएटर पाडून नवी इमारत उभी करायची, तर आधी जेवढ्या खुर्च्या होत्या त्याच्या निदान एक तृतीयांश खुर्च्यांचं थिएटर नव्या इमारतीत ठेवायचं. इमारत कशीही बांधा, काचेची बांधा, सिनेमाची जागा मात्र सोडा. मला हा नियम तुमच्या यादीपेक्षा शहाणा वाटतो. तुमचा कायदा भिंती राखतो आणि आत काय चाललंय हे विचारत नाही. आमचा नियम भिंतींना हात लावत नाही, पण खुर्च्या मागतो. तुम्ही अंगरखा राखता, आम्ही माणूस.

भाची: राखता? तुझ्या ओळखीची किती थिएटरं नियमातल्या एक तृतीयांश खुर्च्यांसकट नव्यानं उभी राहिली? आणि किती नुसती कुलूप लावून पडून आहेत?

मामा: …कुलूपवाली जास्त.

भाची: कारण मालकाला जुनं चालवणं परवडत नाही आणि नव्या इमारतीत थिएटर ठेवण्यात फायदा दिसत नाही. मग तो वाट बघतो. आज ना उद्या नियम सैल होईल. तोवर शटरवर पोस्टरं चिकटतात आणि आत कबुतरं राहतात. उपनगरात मेट्रो आली, भाव चढले, की कुलूप आणखी पक्कं. साउथॉललाही २०२२ ला एलिझाबेथ लाइन ही रेल्वे आल्यापासून तीच धास्ती आहे. फक्त ती इमारत पाडता येत नाही, म्हणून मालकाला आहे त्या वास्तूतच मार्ग शोधावा लागतो. तिथे निदान बाजार तरी भरतो.

मामा: म्हणजे तुमच्याकडे कुलूप नसतंच?

भाची: असतं. खोटं कशाला बोलू? वॉल्थमस्टो, लंडनचं ईशान्येचं उपनगर. तिथलं ग्रॅनडा १९३० चं, आत पुन्हा तोच कोमिसारजेव्स्की. २००३ ला सिनेमा बंद झाला, इमारत एका चर्चसंस्थेनं घेतली. तिला प्रार्थनास्थळ करायचं होतं. पालिकेनं परवानगी नाकारली, अपील झालं, सुनावण्या झाल्या. २०११ ला मंत्र्यांनीही नकार दिला. इमारत वर्षानुवर्षं बंद, आत ओल.

मामा: अगं, पण आत्ताच तू किलबर्नच्या चर्चचं कौतुक केलंस! एका उपनगरात चर्च चाललं, दुसऱ्यात नाही?

भाची: किलबर्नला कित्येक वर्षांपूर्वीच पडदा उतरला होता. वॉल्थमस्टोला हे त्या भागातलं उरलेलं शेवटचं थिएटर होतं. ते गेलं तर संध्याकाळी जायला दुसरं काही नाही, असं तिथले लोक म्हणत होते. आणि इथे तुझा मुद्दा मला मान्य करावा लागतो. यादीतल्या श्रेणीनं भिंती राखल्या, पण वापर बदलायला नकार मिळाला तो वेगळ्या नियमानं. जमिनीचा, इमारतीचा वापर बदलायचा तर परवानगी लागते. त्या सुनावण्यांत रहिवासी येऊन बोलले, अर्ज केले, सह्या गोळा केल्या, फाटकापाशी उभे राहिले.

मामा: पुढे?

भाची: २०१९ ला पालिकेनं इमारत विकत घेतली. दुरुस्ती झाली आणि २०२५ ला सोहो थिएटरची शाखा म्हणून ती उघडली. विनोदी कार्यक्रम, नाटकं. आधी सव्वीसशेहून जास्त खुर्च्या होत्या, आता हजाराच्या आसपास.

मामा: हजार म्हणजे एक तृतीयांशाहून थोड्या जास्तच. नियम आमचा आणि पाळला तुम्ही!

भाची: आणि हॉलला वीसेक वर्षं कुलूप, तुमच्यासारखंच. हेही लिहून ठेव.

मामा: मुंबईतलंही एक उदाहरण घे, उपनगरातलं नसलं तरी. चर्चगेटचं इरॉस. १९३८ चं. मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींच्या ज्या समूहाला २०१८ ला युनेस्कोचा दर्जा मिळाला त्यातलं. तिथे भिंतीही संरक्षित आणि आत सिनेमाही परत आला, २०२४ ला. तुझंही समाधान आणि माझंही. मग मला समाधान का वाटत नाही?

भाची: कारण बाराशेच्या आसपास खुर्च्या होत्या तिथे तीनशेच्या आसपास उरल्या. पडदा चकाचक आहे. बाकीच्या जागेत दुकान आहे.

मामा: कारण ते नाही. कारण असं, की आमच्याकडे पुढच्या रांगेत हमाल बसायचा आणि बाल्कनीत डॉक्टर. दोघं एकाच विनोदाला हसायचे. इंटरव्हलला एकाच गाडीवरचा वडा खायचे. तिकिटाचा सर्वांत खालचा दर त्या हमालाला परवडायचा म्हणून तो हॉल भरायचा. भिंत राखा नाहीतर खुर्ची राखा, तो सर्वांत खालचा दर कुठल्याच नियमात नाही.

भाची: हा मुद्दा मी खोडू शकत नाही. साउथॉललाही पहिल्या पिढीतला कामगार रविवारी सिनेमाला यायचा तो नुसता सिनेमासाठी नव्हे. आठवडाभर फोरमनची इंग्रजी ऐकल्यावर आपली भाषा मोठ्या आवाजात ऐकायला यायचा. ते सगळं कुठल्या श्रेणीत बसवणार? पण म्हणूनच मला वाटतं, जे कायद्यानं राखता येतं ते तरी नीट राखावं. तुझ्या हमालाला परत आणायचं तर त्याला बसायला हॉल लागेल. रिकामा राहिलेला, गाळे पडलेला, काहीही असो. पण उतार, बाल्कनी, प्रोजेक्शनची खोली आणि मोकळी उंची हे चार अवयव मोडून टाकले नसतील तर तो हॉल परत उभा राहू शकतो.

मामा: म्हणजे तुझी अट सांग. उद्या महाराष्ट्रात नियम लिहायला तुला बसवलं तर?

भाची: वापर कोणताही द्या. बाजार, मंगल कार्यालय, जिम. पण नवं बांधकाम असं करा की ते काढलं तर जुना हॉल परत मिळेल. जमीन सपाट करायची तर जुन्या उतारावर लाकडी तक्तपोशी टाका, उतार फोडू नका. गाळे छताला भिडवू नका. बाल्कनी बंद ठेवा, पण पाडू नका. मालकाला कमाई मिळते आणि पुढचा रस्ता खुला राहतो.

मामा: माझी अट वेगळी. वापर कोणताही द्या, पण वर्षातले काही दिवस तो हॉल उपनगरातल्या लोकांना स्वस्तात मिळाला पाहिजे. शाळेचं गॅदरिंग, मराठी सिनेमा, एकांकिका, सभा. तेवढ्याच्या बदल्यात मालकाला मालमत्ता करात सूट द्या. चार भिंतींच्या आत लोक येत राहिले तर भिंतींची काळजी लोकच घेतील.

भाची: आणि दोन्हीतली एकच मंजूर होणार असेल तर?

मामा: माझी.

भाची: माझी. तुझी अट आज मोडली तर उद्या पुन्हा घालता येईल. माझी मोडली तर बाल्कनी परत येत नाही.

मामा: पण वॉल्थमस्टोचं तूच सांगितलंस ना? सही करायला, सुनावणीला बोलायला लोक आले. कशाच्या बळावर आले? त्यांनी तिथे खुर्चीत बसून सिनेमा पाहिला होता. कधीच आत न गेलेल्या माणसाला ड्रॅगन आवडेल, तो फोटो काढेल, पण सुट्टी टाकून सुनावणीला जाणार नाही. तुझ्या भिंती वाचवणारे लोक माझ्या खुर्च्यांतून तयार होतात.

भाची: आणि ते येईपर्यंत भिंती उभ्या होत्या त्या श्रेणीमुळे. यादीत नाव नसतं तर २००३ नंतर वर्षभरात तिथे फ्लॅट झाले असते आणि तुझ्या सह्या करणाऱ्यांना भांडायला जागाच उरली नसती.

मामा: मग आपल्याकडच्या कुलूपबंद थिएटरांपुढे भांडणारे का दिसत नाहीत? मालक आहे, पालिका आहे, बिल्डर आहे. नियमाच्या कागदावर तिघंच. ज्यानं आयुष्यभर तिकिटं काढली तो त्या कागदावर कुठेच नाही.

भाची: त्याला जागा आहे, मामा. विकास आराखडा किंवा नियमात बदल करायचा तर पालिका हरकती-सूचना मागवते. वर्तमानपत्रात आत, बारीक अक्षरांत जाहिरात येते, मुदत असते. थिएटरची अट काढायची की ठेवायची हेही अशाच वाटेनं ठरतं.

मामा: ती जाहिरात मी नोकरीत असताना वाचायचो. मालकासाठी. आमच्या बाजूनं वकील लिहायचा, बिल्डरच्या बाजूनं वकील लिहायचा. प्रेक्षकाच्या बाजूनं लिहिलेलं पत्र माझ्या पाहण्यात नाही.

भाची: मग पहिलं तू लिही. मॅनेजर म्हणून नको, प्रेक्षक म्हणून.

मामा: लिहीन. पण बाल्कनी राखा असं लिहिणार नाही. सर्वांत खालचा दर आणि वर्षातले काही दिवस, एवढंच मागेन.

भाची: माग. बाल्कनीचं पत्र मी वेगळं पाठवते. दोन पत्रं गेली तर निदान कुणाला तरी दोन्ही वाचावी लागतील.